दूध कशात तापवता?

पुण्याच्या रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात १९८०च्या आगेमागे आजारी तान्ही मुलं घेऊन येणाऱ्या बायकांना बालरोग विभागातले डॉक्टर एक भलताच प्रश्न विचारू लागले होते. कावीळ कधी दिसली, पोट कधीपासून फुगलं, आधीच्या भावंडाला असं काही झालं होतं का, हे सगळं नेहमीचं झालं की मग हळूच पुढचं. बाळाला वरचं दूध कितव्या महिन्यात लावलं? आणि ते दूध तापवता कशात?

पितळेच्या पातेल्यात, आणखी कशात! डॉक्टरला भांड्याकुंड्यांची चौकशी कशाला, असं त्यातल्या कित्येकींना वाटलं असणार. मला विचाराल तर महाराष्ट्रात बसून विचारल्या गेलेल्या वैद्यकीय प्रश्नांतला हा सगळ्यात हुशार प्रश्न. त्याचं उत्तर लागेपर्यंत एका आजारानं इथली जवळजवळ शंभर वर्षं खाल्ली होती.

आजाराचं पुस्तकी नाव इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस, सिऱ्होसिस म्हणजे यकृत कडक होणं. नावातच आपला देश. कलकत्त्याला डॉ. सेन यांनी १८८७ साली तो पहिल्यांदा नोंदवला. दारूनं यकृत कडक होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण इथे तर लहानग्या मुलांचं होत होतं. साधारण सहा महिन्यांपासून चार-पाच वर्षांपर्यंत, त्यातही एक ते तीन या वयात जास्त. चांगलं गुटगुटीत मूल चिडचिड करू लागतं, खाईनासं होतं, बारीक ताप येतो. पोट पुढे येतं. डॉक्टरनं बरगडीखाली बोटं घातली की यकृताची कडक, पानाच्या कडेसारखी धारदार कड हाताला लागते. मग कावीळ, पोटात पाणी, आणि बहुतेकांचा काही महिन्यांत शेवट. एकाच घरात पाठोपाठ दोन-तीन मुलं अशी गेल्याची उदाहरणं होती.

घरोघरी याला काही इतकं लांबलचक नाव नव्हतं. ‘लिव्हर झालं’ म्हणायचे. ‘लिव्हर वाढलं’ असंही. माझ्या आजीचा पहिला मुलगा ‘लिव्हरनं गेला’, एवढंच आम्हा नातवंडांना माहीत. तो कोण होता, कसा दिसायचा, आजी कधी बोलली नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. सातारा जिल्ह्यातलं गाव, दारात दोन म्हशी, घरात दूधदुभतं भरपूर. असं घर असूनही मूल गेलं, याची बोच तिला असावी. तिच्या लिव्हरवाल्या मुलाचा आजार नेमका हाच होता, असं मी आज छातीठोकपणे म्हणणार नाही. तेव्हा कुणी यकृताचा तुकडा काढून काचेखाली धरला नव्हता. पण ‘असं घर असूनही’ यातल्या ‘असूनही’वर मात्र पुढे मला विचार करावा लागला.

कारण या आजाराचं एक कोडं तेच होतं. तो सगळ्यात गरीब घरांत जास्त असायला हवा होता, आणि तसा तो नव्हता. मध्यमवर्गीय, खाऊनपिऊन सुखी, दुभतं बाळगणाऱ्या, बऱ्याचदा ग्रामीण घरांत तो जास्त दिसायचा. डॉक्टरांनी काय काय धरून पाहिलं नाही? आनुवंशिक दोष म्हणाले. विषाणू म्हणाले. कुपोषण म्हणाले, पण मुलं तर बाळसेदार. शेंगदाण्यावरच्या बुरशीचं विष, म्हणजे अफ्लाटॉक्सिन, यावरही संशय गेला. १९५०च्या दशकात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं यकृताच्या आजारांसाठी उपसमिती नेमून या प्रश्नाकडे पाहिलं. इकडे घराघरांत दोष कुणाच्या माथी जात होता ते सांगायला नकोच. आईनं काहीतरी चुकीचं खाल्लं, आईचं दूध जड, आईच्या माहेरचंच रक्त तसं.

तांब्याचा माग यकृतापर्यंत लागायला सत्तरचं दशक उजाडावं लागलं. आजारी मुलांच्या यकृताच्या तुकड्यांना ऑर्सीन नावाचा रंग लावला की पेशींच्या आत गडद तपकिरी कण दिसत. हा रंग मिळतो दगडांवर आणि झाडांवर वाढणाऱ्या लायकेनपासून, म्हणजे आपल्या गोडा मसाल्यातल्या दगडफुलाच्या नात्यागोत्यातून. मसाला भाजताना मला दर वेळी हे आठवतं आणि घरात कुणाला सांगायला गेलं की लोक विषय बदलतात. असो. ते तपकिरी कण म्हणजे तांब्याला धरून बसलेली प्रथिनं.

१९७९ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात एक शोधनिबंध आला. तो लिहिणाऱ्यांत ब्रिटनचे बालयकृततज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर, लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातली मंडळी, पुण्याच्या केईएमचे डॉ. आनंद पंडित, आणि या यादीत अनपेक्षित वाटावेत असे कॉलिन मिल्स आणि इयान ब्रेम्नर. हे दोघे स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या रोवेट संस्थेतले. ती संस्था तेव्हा जनावरांच्या आहाराचा अभ्यास करणारी. मेंढ्यांच्या चाऱ्यात तांबं जरा जास्त झालं की ते त्यांच्या यकृतात गुपचूप साठत राहतं, महिनोन्‌महिने मेंढी चांगली दिसते आणि एक दिवस सगळं एकदम कोसळतं. हे पशुवैद्यांना पूर्वीपासून ठाऊक होतं. माणसाच्या डॉक्टरांनी सूक्ष्म मूलद्रव्यांचं शास्त्र बरंचसं गोठ्याकडून शिकून घेतलं आहे, हे डॉक्टर लोक फारसं सांगत नाहीत.

निबंधातला मुद्दा असा की या मुलांच्या यकृतात तांबं प्रचंड होतं. निरोगी प्रौढाच्या यकृतात सुकवलेल्या वजनाच्या दर ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी तांबं असतं. विल्सनचा आजार म्हणून तांबं साठण्याचा एक आनुवंशिक विकार आहे, त्याचं निदान करताना २५०च्या वरचा आकडा धरतात. या मुलांमध्ये तो ८००च्याही वर जाई. विल्सनच्या रुग्णांत इतकं तांबं साठायला वर्षं लागतात. ही मुलं तर दीड-दोन वर्षांची.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायचे. तांबं म्हटलं की मोरचुदाचे निळे स्फटिक, विजेच्या तारा, आणि ‘संक्रमण मूलद्रव्यं’ हा मुलांना हमखास झोप आणणारा धडा. शरीरातल्या तांब्याबद्दल आमच्या अभ्यासक्रमात एक ओळ होती. प्रौढ माणसाच्या अंगात मिळून साधारण १०० मिलिग्रॅम तांबं असतं. चिमूटभर म्हणावं तर तेवढंही नाही. पण ते नसेल तर लोह नीट वापरलं जात नाही, रक्त कमी होतं, हाडं आणि रक्तवाहिन्यांचे धागे कच्चे राहतात. जास्त झालं तर हेच तांबं इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण करण्याच्या आपल्या गुणामुळे पेशीत घातक, चटकन क्रिया करणारे रेणू तयार करतं आणि पेशी जळतात. जो गुण कामाचा, तोच नको तिथे नडतो. म्हणून शरीर तांब्याला मोकळं फिरू देत नाही. आतड्यातून आलेलं तांबं यकृत ताब्यात घेतं, हवं तेवढं प्रथिनाला बांधून रक्तात सोडतं आणि उरलेलं पित्तातून बाहेर टाकतं. लघवीतून फारसं जात नाही. म्हणजे येण्याचे रस्ते काहीही असोत, जाण्याची वाट मुख्यतः एकच.

आता तान्ह्या बाळाची गंमत बघा. जन्मताना बाळाच्या यकृतात मोठ्या माणसाच्या कित्येक पट तांबं असतं. ते मेटॅलोथायोनीन नावाच्या प्रथिनात बांधून ठेवलेलं, म्हणून निरुपद्रवी. आईनं पोटातच दिलेली ही शिदोरी. का? कारण पुढचे काही महिने बाळ दुधावर राहणार आणि दुधात तांबं अगदी थोडं. आईच्या दुधात थोडं, गाईच्या दुधात त्याहूनही थोडं. पित्तातून तांबं बाहेर टाकण्याची यंत्रणा या वयात पुरती तयार नसते, आणि तशी घाईही नसते, कारण बाहेरून तांबं येणारच नाही असा सगळा हिशेब. या हिशेबात पितळेचं पातेलं कुणी धरलेलं नव्हतं.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आमच्या पिढीच्या आज्यांची स्वयंपाकघरं पितळेनं भरलेली. पाण्याला हंडा-कळश्या, अंघोळीला घंगाळ, तापवायला बंब, दुधाला चरवी आणि कासंडी. पितळी भांडं जितकं चकचकीत तितकी घरची बाई नेटकी. चिंच आणि राख लावून रोज घासायचं, सोन्यासारखं दिसलं पाहिजे. यातलं रसायन मला नोकरीला लागल्यावर कळलं. चिंचेतलं आम्ल धातूवरचा काळपट थर काढून टाकतं आणि खालचा ताजा धातू उघडा पडतो. रोज सकाळी उघडा धातू, आणि त्यात दूध.

तांब्या-पितळेचा दोष लोकांना माहीत नव्हता असं कोण म्हणेल? आंबट काही पितळेत ठेवलं की कळकतं, हे घरातलं शेंबडं पोरही सांगायचं. ताक, कढी, आमटी, चिंचेचा कोळ हे सगळं कल्हईच्या भांड्यात. वर्षातून एकदोनदा कल्हईवाला यायचा. वडाखाली तो जमिनीत छोटा खड्डा खणायचा, कोळसे पेटवायचा, त्याचा पोऱ्या भाता मारायचा. भांडं पुरेसं तापलं की आत नवसागराची चिमूट टाकायची. पांढरा धूर भसकन उठायचा, नाकाला झोंबायचा. मग कथलाची कांडी तापल्या भांड्यावर नुसती टेकवायची की ती वितळून चांदीचा थेंब व्हायचा, आणि कापसाच्या बोळ्यानं दोन फेरे मारले की अख्खं भांडं आतून पांढरंशुभ्र. शेवटी पाण्यात चर्र. आम्ही मुलं शाळा बुडवून बघायचो. नवसागर तापला की त्यातून निघणारं आम्ल धातूवरचा ऑक्साइड खातं, आणि कथील २३२ अंशांना वितळून स्वच्छ पितळेला धरून बसतं. सुंदर शास्त्र आहे, आणि ते कुठल्याही प्रयोगशाळेआधी आळीतल्या माणसाच्या हातात होतं.

पण कल्हईला पैसे पडायचे. म्हणून ती लावायची आंबटाच्या भांड्यांना. आमच्याकडे दुधाच्या पातेल्याला कल्हई नसायची. दूध काही आंबट नाही, मग ते कशाला कळकेल? आमच्या घरच्या शहाणपणाला एवढी एकच फट होती.

शास्त्रज्ञांनी ती पुढे मोजून दाखवली. पितळेच्या भांड्यात दूध तापवून ठेवलं तर त्यातलं तांबं वाढतं, आणि नुसत्या पाण्यापेक्षा दूध ते कितीतरी आवडीनं ओढून घेतं. दुधातलं केसीन हे प्रथिन फॉस्फेटच्या हातांनी धातूचे कण धरून ठेवतं. पाणी थोडं तांबं घेऊन थांबतं. दुधात आलेलं तांबं केसीन लगेच बांधून टाकतं, म्हणून आणखी यायला जागा राहते. दूध तापवायचं, त्यातच ठेवायचं, संध्याकाळी पुन्हा तापवायचं, आणि चमच्यानं बाळाला. दूध दिसायला तसंच पांढरं.

१९८३ साली पुन्हा ‘लॅन्सेट’मध्येच टॅनर, डॉ. शीला भावे आणि डॉ. पंडित यांनी मुद्दा मांडला. आजारी मुलांना आईचं दूध लवकर सुटून वरचं जनावराचं दूध लवकर सुरू झालेलं, आणि ते तांब्या-पितळेच्या भांड्यात तापवलेलं किंवा ठेवलेलं, असं वारंवार दिसत होतं. सुरुवातीचा तो भांड्याचा प्रश्न इथे कामी आला. आणि ‘असं घर असूनही’चं कोडंही बरंचसं सुटलं. गरिबाघरी पितळ कुठून येणार? मातीचं किंवा ॲल्युमिनियमचं. आणि दुभतं नाही म्हणून मूल अंगावर जास्त दिवस. ज्या घरात पितळ आणि म्हैस दोन्ही होतं, तिथे धोका होता.

हे वाचलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल तर राग. कुणावर, ते सांगता येत नाही. आजीवर तर नाहीच. तिनं सोन्यासारखं घासलेलं पातेलं तिला आयुष्यभर अभिमानाचं होतं, आणि ती हे न कळता गेली. तिला कुणी सांगितलं नाही, ते बरंच झालं.

आजाराचं कारण सापडणं वेगळं, उपाय वेगळा. उपाय आला तो थेट केंब्रिजच्या डॉ. जॉन वॉल्श यांच्याकडून, तोही दुसऱ्याच आजारासाठी. किनियर विल्सन यांनी १९१२ साली वर्णन केलेल्या त्या आनुवंशिक विकारात यकृताबरोबर मेंदूतही तांबं साठतं. १९५०च्या दशकात वॉल्श अमेरिकेत बोस्टनला होते. पेनिसिलीन घेतलेल्या रुग्णाच्या लघवीत पेनिसिलीनचा तुटलेला एक तुकडा, पेनिसिलामीन, त्यांनी आधीच पाहिला होता. विल्सनचा रुग्ण समोर आला तेव्हा त्या रेणूची रचना त्यांच्या डोळ्यांपुढे आली: याला तांबं पकडता येईल! औषध मिळवलं आणि पहिला डोस त्यांनी स्वतः घेतला. १९५६ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. तोवर विल्सनचा आजार म्हणजे बहुतेक मरणच होतं. त्यानंतर तो बरा ठेवता येणारा झाला.

पुण्याच्या गटानं हेच पेनिसिलामीन या मुलांना दिलं. कावीळ आणि जलोदर होण्याआधी मूल हाताला लागलं तर ते वाचण्याची शक्यता खरोखर वाढली. उशीर झाला तर फार उपयोग होत नसे. १९९६ साली डॉ. आशिष बावडेकर, भावे, पंडित आणि टॅनर यांनी २९ मुलांची पुढची हकिगत छापली. औषध सुरू करून पाच वर्षांहून जास्त काळ जगलेली ही मुलं. शाळेच्या वयाची, दिसायला इतरांसारखीच. ज्या आजारात ‘बहुतेक जातात’ हे गृहीत धरलेलं होतं, त्यात हे २९. आकडेवारीच्या दृष्टीनं लहानसा कागद. मी मात्र तो दोनदा वाचला.

पण गोष्ट इथे सरळ संपत नाही, आणि मला ती म्हणूनच जास्त आवडते. पितळ हेच कारण असेल तर पितळ वापरणाऱ्या प्रत्येक घरात हा आजार व्हायला हवा होता, आणि तसा तो होत नव्हता. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या तीन गावांमध्ये नळाच्या पाण्यात तांबं लिटरला ८ मिलिग्रॅमच्या वर गेलेलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा २ मिलिग्रॅमची. शाइनबर्ग आणि स्टर्नलिब यांनी तिथल्या सहा वर्षांखालच्या मुलांच्या १९६९ ते १९९१मधल्या नोंदी तपासल्या. यकृताच्या आजारानं एकही मृत्यू नाही. म्हणजे तांब्याच्या जोडीला आणखी काहीतरी लागतं.

ते काय असावं याचा अंदाज देणारा पुरावा भलतीकडून आला: ऑस्ट्रियातल्या टिरोलमधून. आल्प्सच्या दऱ्यांमधल्या शेतकरी घरांत १९०० ते १९७४ या काळात १३८ तान्ही मुलं अशाच यकृताच्या आजारानं गेली. थॉमस म्युलर आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली त्याचा छडा लावला. तिथेही गाईचं दूध, तिथेही कल्हई नसलेली तांब्याची भांडी, फक्त दुधात पीठ-साखर घालण्याची पद्धत. आणि वंशावळी मांडल्यावर दिसलं की आई आणि वडील दोघांकडून एक दोषी जनुक आलेल्या मुलांनाच तो होत होता. जनुकाला भांडं भेटलं तर आजार, एरवी नाही. त्याच दऱ्यांत आधुनिक कारखान्यातली भांडी आली आणि आजार संपला. जनुकं काही कुठे गेली नव्हती. ‘आईच्या माहेरचं रक्त’ म्हणणाऱ्या सासवा अर्ध्या बरोबर होत्या म्हणायचं. पण वडिलांकडचं रक्तही तितकंच लागायचं, ते कुणी काढलं नाही.

जाता जाता जस्ताबद्दल. पितळेतलं दुसरं मूलद्रव्य तेच, आणि विल्सनच्या आजारात तेच औषध म्हणून दिलं जातं. जस्तामुळे आतड्याच्या पेशींत मेटॅलोथायोनीन वाढतं, ते आलेलं तांबं अडवून धरतं आणि पेशी गळून पडल्या की तांबं विष्ठेवाटे बाहेर. हॉलंडच्या शाउविंक यांनी १९६१ सालीच हे वापरून पाहिलं होतं. पुढे अमेरिकेत आनंद प्रसाद आणि जॉर्ज ब्रूअर यांनी त्यावर बरंच काम केलं. हे प्रसाद मूळचे बिहारचे. इराणमधल्या शिराझला त्यांना वाढ खुंटलेले, माती खाणारे, यकृत आणि प्लीहा वाढलेले तरुण दिसले आणि त्यातून माणसात जस्ताची कमतरता असू शकते हे त्यांनी दाखवलं. पुढे सिकल सेल या रक्ताच्या आजाराच्या रुग्णांना जस्त देताना त्यांचं तांबं घसरलेलं दिसलं, आणि तो दुष्परिणामच विल्सनच्या रुग्णांचा उपचार झाला. एकाचं पारडं हललं की दुसऱ्याचं हलतं, हे सूक्ष्म मूलद्रव्यांचं सगळ्यात त्रासदायक लक्षण. म्हणून ‘शरीरात अमुक कमी आहे, तमुकची गोळी घ्या’ असे व्हॉट्सॲपवरचे सल्ले मला बघवत नाहीत.

आता मूळ प्रश्न. आपल्याकडे हा आजार संपवला कुणी? भावे, पंडित, टॅनर आणि चंडीगडच्या सहकाऱ्यांनी मिळून तो टाळता कसा येईल यावर १९९२ साली लिहिलं. दूध पितळेत तापवू नका, आईचं दूध जास्त दिवस द्या, एवढाच सल्ला. नव्वदच्या दशकात पुण्याच्या भागात हा आजार दुर्मीळ झाला. डॉक्टरांचं श्रेय मी कमी करणार नाही. पण खरं सांगायचं तर त्याच्या बरंच आधी स्टील घरात शिरलं होतं. बोहारीण दारात बसायची, जुन्या साड्या आणि जरीचे काठ चाचपून पाहायची आणि स्टीलचा डबा पुढे करायची, मग दोन्हीकडून अर्धा तास घासाघीस. लग्नाच्या रुखवतात स्टील आलं. पितळ जड, घासायला वेळ, कल्हईवाला येईनासा झाला. हंडे-पातेली मोडीत गेली आणि त्या पैशांत सुनेनं स्टीलची नवी उतरंड मांडली. सासूनं नाक मुरडलं. ‘पितळेतल्या दुधाची चव स्टीलला नाही,’ हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं वाक्य आहे.

म्हणजे त्या सुनांना ऑर्सीन, केसीन यातलं काही ठाऊक नव्हतं. घासायचा कंटाळा आणि नव्याची हौस, एवढ्यावर कितीतरी पोरं वाचली असणार. संशोधनाचं मोल त्यानं कमी होत नाही. ते झालं नसतं तर मरण थांबल्याचंही कुणाच्या ध्यानात आलं नसतं, आणि का थांबलं हे तर नाहीच. पण आरोग्याचे सगळे विजय दवाखान्यात लढले जातात असं ज्यांना वाटतं, त्यांना बोहारणीचा हा हातभार सांगावासा वाटतो.

आणि आता पितळ परत आलं आहे. कसबा पेठेतल्या तांबट आळीत हातोड्यांचा आवाज कमी झाला, पण ऑनलाइन दुकानांत पितळेची कढई, पितळेचं दुधाचं पातेलं, तांब्याच्या बाटल्या दिमाखात मिरवतात. जाहिरातीत ‘आजीच्या काळचं शहाणपण’ हमखास. तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याबद्दल माझी तक्रार नाही. २०१२ साली बंगळूरच्या संशोधकांनी जुलाबाचे जंतू मिसळलेलं पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलं. जंतू मेले आणि पाण्यात उतरलेलं तांबं मर्यादेच्या खूप आत होतं. मोठं माणूस, साधं पाणी, काही अडचण नाही. त्याच बाटलीत लिंबूसरबत भरून प्रवासाला निघणारे पाहिले की मात्र हात शिवशिवतात.

माझ्या भाचीनं मागे असं एक पातेलं मागवलं. जाड बुडाचं, आतून पांढरंशुभ्र, दिसायला देखणं. तिचं बाळ तेव्हा सात-आठ महिन्यांचं, वरचं दूध नुकतंच सुरू करायचा विचार चालला होता. मी म्हटलं, बाळाचं दूध यात नको.

“अगं मावशी, कल्हई आहे की आतून. त्यांनी लिहिलंयसुद्धा.”

“आहे. पण तू काथ्यानं खरवडणार, दूध लागलं की आणखी खरवडणार. ती किती दिवस टिकेल?”

“मग परत करून घ्यायची.”

“कुणाकडून?”

ती थांबली, मोबाइल काढला आणि तिथल्या तिथे ‘कल्हई करून मिळेल’ असं शोधू लागली. एक जण सापडला, शहराच्या दुसऱ्या टोकाला. आधी नंबर लावा म्हणाला, आणि कल्हईचा दर ऐकून भाचीनं मोबाइल बाजूला ठेवला. बाळाचं दूध तिनं स्टीलमध्ये काढलं. पितळेच्या पातेल्यात आता भात होतो. भाताला माझी हरकत नाही, आतला पांढरा थर दिसतोय तोवर. परवा तिनं त्यातच सार करायला घेतलं होतं, आमसुलाचं.

“ए, ते काढ आधी त्यातून!” मी स्वयंपाकघराच्या दारातूनच ओरडले.